टेबलाला हात लावायचा नाही

त्या घरात नियम एकच, पण कडक. खिडकीजवळच्या टेबलावर जी वस्तू चित्रासाठी बसली, तिला चित्र पुरं होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग ती कितीही गरजेची असो. एकदा चहाची गाळणी त्या टेबलावर बसली ती महिनाभर उठली नाही. घरच्यांनी तेवढे दिवस फडक्यातून चहा गाळला, आणि कोणी विचारलं की लेक सांगायची, "गाळणी कामावर गेलीये."

टेबल चित्रकलेच्या बाईंचं. शाळेत पोरांना पेन्सिल धरायला शिकवता शिकवता त्या निवृत्त झाल्या, तरी गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणत. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून ते लिफ्टवाले. माणूस कामाला वाघ, पण बोलायच्या नावाने शंख. बाई म्हणायच्या, "जगाच्या लिफ्ट चालू करतात आणि स्वतः दोन मजल्यांच्या मधे अडकून बसतात." "माफ कर" हे शब्द तर त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते, खुद्द त्यांच्या आईनेही नाही.

बाईंची चित्रं दोन तऱ्हेची. एक वस्तुचित्रं, म्हणजे टेबलावरचा पाण्याचा जग, कप, संत्रं, जे असेल ते जसंच्या तसं. दुसरी अमूर्त, म्हणजे नुसते रंगांचे पट्टे, चौकोन, ओरखडे. लोक विचारायचे, एकाच हातातून ही दोन टोकं कशी निघतात? बाई गंभीर चेहरा करून काहीतरी सांगायच्या, अंतर्मन वगैरे. खऱ्या कारणाबद्दल मात्र ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. खरं कारण असं, की ती अमूर्त चित्रं म्हणजे भांडणं होती.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. पण लिफ्टवाल्यांशी भांडायचं कसं? समोरचा माणूस हूं की चूं करत नाही म्हटल्यावर आपण एकट्याने किती बोलणार? मग बाई खोलीचं दार लावून घ्यायच्या आणि कॅनव्हासवर भांडायच्या. तेलरंगांचा इथे काही उपयोग नव्हता. ते वाळेपर्यंत माणूस कशावर रागावला होता तेच विसरून जातो. अ‍ॅक्रिलिक बरं. बघता बघता वाळतं, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, मग पात्याने खरवडा हवं तेवढं. निळे चौकोन म्हणजे लेकीच्या शाळेतल्या नाटकाला लिफ्टवाले आलेच नाहीत तो दिवस. हिरवं-काळं म्हणजे नणंद चार दिवस म्हणून आली आणि हलायचं नाव घेईना तो काळ. थर जितका जाड, तितकं भांडण मोठं.

आणि वस्तुचित्रं? ती निव्वळ वैतागातून आलेली. लिफ्टवाल्यांना एक वाईट खोड होती, हातातली वस्तू कुठेही ठेवून द्यायची, आणि नेमकी त्याच टेबलावर. अर्धं सोललेलं संत्रं, चष्म्याचं घर, नट आवळायचा पाना. बाई कडाकडा बोलायच्या, "हे टेबल आहे की उकिरडा?" मग जरा वेळाने त्यांना संत्र्याच्या सालीवर पडलेला उजेड दिसायचा आणि त्या तिथेच स्टूल ओढून बसायच्या. साल सुकायच्या आत तिचा रंग गाठायचा म्हणजे हात भरभर चालवावा लागतो. तेवढ्यात राग कुठल्या कुठे जायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना लेकीने चित्रांच्या एका गॅलरीवालीला घरी आणलं. पोरगी हुशार, आणि घाई तर अशी की चहा सांडेल पण थांबणार नाही. कपाटामागे, पलंगाखाली, माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं तिने एकेक करून बाहेर ओढली, त्यांना क्रमांक दिले आणि प्रदर्शन पक्कं करून टाकलं. तिची अट एवढीच, की उद्घाटनाच्या संध्याकाळी बाईंनी पाहुण्यांना चित्रांपुढून फिरवायचं आणि प्रत्येक चित्र कशातून सुचलं ते सांगायचं.

"लोकांना हल्ली चित्राइतकीच त्यामागची गोष्ट हवी असते," ती म्हणाली.

बाईंना वाटलं, त्यात काय, थापा मारायला कुठे कष्ट पडतात? रंगीत तालीम घरीच झाली. निळे चौकोन? "पहाट," बाई म्हणाल्या. हिरवं-काळं? "रान. चांगलं दाट रान." नणंदेला रान म्हणून घेतल्याचं त्यांना मनातून जरा बरंही वाटलं. मग गॅलरीवालीने सात क्रमांकाचं चित्र पुढे घेतलं.

"हे मधल्या भिंतीवर. माणूस आत शिरला की समोर हेच."

ते चित्र वर्षानुवर्षं कपाटामागे होतं आणि तिथेच राहील असं बाई धरून चालल्या होत्या. मोठं, तांबडं-काळं, खरवडून खरवडून खालचा पिवळा वर आलेला. उजव्या बाजूला एक फिका उभा पट्टा आणि त्याच्या तळाशी छोटा तपकिरी चौकोन.

"हे कशातून सुचलं?"

"वादळ."

"पण वादळात हे दार कुठून आलं?" गॅलरीवालीने फिक्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "आणि दाराशी ही काय आहे, बॅग?"

नेमके तेव्हाच लिफ्टवाले चहाचा ट्रे घेऊन आत आले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बाईंनी घाईघाईने चित्र भिंतीकडे वळवलं आणि म्हणाल्या, "सांगेन मी तिथे. आधी चहा घे." लिफ्टवाल्यांनी कप मांडले आणि नेहमीसारखे काही न बोलता निघून गेले.

ती बॅगच होती.

लेक लहान होती तेव्हाची गोष्ट. बाईंनी पहिल्यांदाच एका मोठ्या प्रदर्शनासाठी चित्र हाती घेतलं होतं. शाळा सांभाळून, स्वयंपाक सांभाळून, पहाटे उठून त्या ते काढत होत्या. चित्र हातावेगळं व्हायला आलं आणि लिफ्टवाल्यांनी कामावरून आणलेला एक लोखंडी भाग, तेलाने माखलेला, नेमका त्याच चित्राला टेकवून ठेवला. कॅनव्हास फाटला तो आरपार. तेही एक वेळ चाललं असतं, चुका माणसाकडूनच होतात. पण त्या भोकाकडे बघून हा गृहस्थ म्हणाला, "दुसरं काढ की."

आता काय म्हणावं? वर्षाकाठी मोजके शब्द खर्च करणारा माणूस, आणि केले तर हे केले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाले कामावर गेल्यावर बाईंनी बॅग भरली. लेक सुट्टीत मावशीकडे गेलेली होती. तिला तिथून घ्यायचं आणि पुढचं पुढे बघायचं, असं त्यांनी ठरवलं. बॅग दाराशी ठेवली, चपला घातल्या, आणि मग त्यांच्या मनात आलं की जायच्या आधी एकदा नीट भांडून घ्यावं. चपलांसकट खोलीत गेल्या. दिवस कलेपर्यंत रंग ओतत होत्या आणि खरवडत होत्या. शेवटी दार काढलं, दाराशी बॅग काढली. बॅग काढून झाल्यावर बघतात तर निघायचं बळच उरलं नव्हतं. सगळा राग समोर वाळत पडला होता. बाईंनी खरी बॅग उचलून कपाटात टाकली आणि त्या ब्रश धुवायला गेल्या.

हे त्यांनी कोणापाशी बोलून दाखवलं नाही. वर्षं गेली तसं ते गुपित हलकं व्हायच्या ऐवजी जडच होत गेलं. लिफ्टवाले आता थकले होते. मधे मोठ्या दुखण्यातून उठले, तेव्हापासून बाहेर पडताना बाईंचा हात धरून जिना उतरायचे. आपली बायको एकदा आपल्याला सोडून निघाली होती, हे अशा माणसाला चार लोकांत, दिव्यांच्या झगझगाटात, भिंतीवर बघून कळावं? बाईंचा जीव टांगणीला लागला. चित्र देत नाही म्हणावं तर निमंत्रणावर तेच छापलेलं. खोटं सांगावं तर ती बॅग कोणालाही दिसत होती.

चित्रं न्यायला टेम्पो यायच्या आदल्या दुपारी त्यांना उपाय सुचला, आणि इतका सोपा की आधी का सुचला नाही म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. अ‍ॅक्रिलिकचा मोठा गुण हाच, की वर एक थर दिला की खालचं गेलं. नुसती बॅग झाकायची. बॅग गेली की दार हा नुसता पट्टा, आणि वादळ म्हणायला आपण मोकळ्या. लिफ्टवाले आतल्या खोलीत पडले होते. बाईंनी तांबडा आणि काळा कालवला. हा रंग वाळला की गडद होतो, म्हणून पांढरा किंचित जास्त घातला. चपटा ब्रश भरला आणि त्या चित्रापुढे वाकल्या.

"तेवढं राहू दे."

लिफ्टवाले दारात उभे होते.

"काय राहू दे?"

"बॅग."

बाईंचा हात तसाच थांबला. ब्रशावरचा रंग टपकून त्यांच्या पायावर पडला, तरी त्यांना कळलं नाही.

"कसली बॅग? चौकोन आहे तो," त्या म्हणाल्या.

"चेन बिघडलेली होती तिची. तू दोरीने बांधली होतीस."

बाई स्टुलावर बसल्या. लिफ्टवाले सावकाश आत आले आणि पलीकडच्या खुर्चीत बसले. आणि मग तो माणूस बोलायला लागला. बाईंनी त्यांना एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"त्या दिवशी टेस्टर घरी राहिला, म्हणून दुपारी परत आलो. दार लोटलेलं होतं. ढकललं तर बॅग. आतून तुझं पातं चालल्याचा आवाज येत होता. मी तसाच खाली गेलो."

"आत का नाही आलात?"

"येऊन काय बोलणार होतो? आदल्या दिवशी बोललो ते काय थोडं होतं?"

बाईंनी हातातला ब्रश ताटलीत ठेवला.

"कामावर गेलो आणि लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून राहिलो. त्या इमारतीतली माणसं जिने चढून दमली, मला शिव्या घालून गेली. घालू दे म्हटलं. संध्याकाळी घरी आलो तर दाराशी बॅग नाही. म्हटलं, गेली. चपला काढायचंसुद्धा सुचेना. तिथेच उभा राहिलो. मग नळाचा आवाज आला."

"ब्रश धूत होते मी."

"हो."

खिडकीबाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं आणि ती होत नव्हती.

"मग काही म्हणाला का नाहीत तुम्ही?" बाईंचा आवाज चढला. "इतकी वर्षं मूग गिळून बसलात?"

"म्हणालो की." लिफ्टवाल्यांनी टेबलाकडे मान केली. "चावी ठेवली."

ती चावी बाईंना चांगली ठाऊक होती. त्यांच्या वस्तुचित्रांतलं सगळ्यात चांगलं तेच होतं, घराची चावी आणि तिला बांधलेला लाल दोरा. सात क्रमांकानंतर काढलेलं. तेव्हा टेबलावर चावी पडलेली बघून त्या नेहमीसारख्या ओरडल्या होत्या, आणि नेहमीसारख्याच स्टूल ओढून बसल्या होत्या. चावी टेबलावर बसली म्हणजे नियम लागू झाला. लिफ्टवाल्यांना रोज संध्याकाळी दाराशी येऊन बेल वाजवावी लागायची आणि बाईंना रंगाच्या हातांनी उठून दार उघडावं लागायचं. "चावी घेऊन जाता येत नाही का?" असं म्हणता म्हणता त्यांना आठवायचं की ती आपल्याच टेबलावर आहे.

"मला वाटलं विसरलात," त्या म्हणाल्या. "कुठेही ठेवायची खोड तुमची."

"घराची चावी कोण विसरतं?" लिफ्टवाले जमिनीकडे बघत म्हणाले. "खिशात चावी असती तर मी दार उघडून आत आलो असतो, आणि घर रिकामं असतं तर? ते नको होतं मला. बेल वाजवायची आणि थांबायचं. तू दार उघडलंस की समजायचं, आज आहे. रोज तेवढंच."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "फार लांबलं हो ते चित्र. तो लाल दोरा जमत नव्हता मला."

"माहितीये. मी मनात म्हणायचो, न जमो."

आता मात्र बाईंना हसू फुटलं. रडणं आणि हसणं एकदमच आलं, आणि डोळे पुसायला गेल्या तर गालाला तांबडा रंग लागला. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

"थांबा. ते संत्रं?"

"नाटक बुडवलं त्याचं. लेकीनेही अबोला धरला होता."

"आणि चष्म्याचं घर?"

"बहिणीला जा म्हणायचं धाडस झालं नाही, त्याचं."

"गाळणी?"

लिफ्टवाल्यांनी जरा आठवून बघितलं. "ते आठवत नाही. पण चुकलो असणार."

"आणि पाना? त्या पान्याने काय गुन्हा केला होता?"

"पाना खरंच विसरलो होतो. कामावर सगळीकडे शोधत होतो. घरी येऊन बघतो तर तू तो रंगवतेयस. मग मागता येईना."

बाई पोट धरून हसल्या. जन्मभर या माणसाच्या नावाने खडे फोडले, टेबलाचा उकिरडा केला म्हणून बोल बोल बोलल्या, आणि हा बापडा प्रत्येक वेळी माफी मागून खाली मान घालून उभा. भांडण आपण कॅनव्हासवर करत होतो आणि उत्तर टेबलावर येत होतं. उत्तराचं चित्र काढून वर त्यालाच झापत होतो. कोणाला सांगायला जावं तर वेड्यात काढतील. पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता. इतक्या वर्षांचं उरावरचं ओझं असं एका दुपारी, बसल्या बसल्या उतरलं, आणि ज्याच्यापासून लपवलं त्याने ते पहिल्या दिवसापासून अर्धं उचलून धरलेलं होतं.

"मला जायचं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या दिवशी होतं. पण नव्हतं."

"कळलं होतं. त्याशिवाय का कोणी चपला घालून चित्र काढायला बसतं?"

कालवलेला रंग ताटलीत कधीच वाळून गेला होता. अ‍ॅक्रिलिक कोणासाठी थांबत नाही. बाईंनी ब्रश पाण्यात बुडवला आणि त्या चहा टाकायला उठल्या.

उद्घाटनाच्या दिवशी गॅलरीवालीची तारांबळ उडाली. तिने अमूर्त एका दालनात आणि वस्तुचित्रं दुसऱ्यात अशी आखणी केली होती, आणि बाई सकाळीच येऊन सगळं उलटंपालटं करायला बसल्या. निळे चौकोन आणि संत्रं शेजारी शेजारी. हिरव्या-काळ्याशेजारी चष्म्याचं घर. मधल्या भिंतीवर सात क्रमांकाचं चित्र आणि त्याला लागून ती लहानशी चावी.

"अहो बाई, यांचा एकमेकांशी काय संबंध?" तिने विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "तू खिळा ठोक."

संध्याकाळी पाहुणे जमले. नणंदही आली, आणि आल्या आल्या तिची नजर हिरव्या-काळ्यावर खिळली. "वहिनी, हे कशाचं गं?"

"रान आहे, वन्सं. दाट रान," बाई म्हणाल्या. सगळंच खरं सांगत सुटायला त्या काही खुळ्या नव्हत्या.

मग सगळे मधल्या भिंतीशी आले. बाईंनी एकदा मागे वळून बघितलं. लिफ्टवाले घोळक्याच्या मागे, धुतलेला शर्ट घालून, हात मागे बांधून उभे होते. त्यांनी होकाराची मान हलवली.

"एकदा मी घर सोडून निघाले होते," बाई म्हणाल्या. "हे दार, ही माझी बॅग. रागात काढलं, आणि काढता काढता राग संपला, म्हणून राहिले. आणि ही शेजारची चावी म्हणजे यांचं उत्तर. उत्तर मला मिळालं लगेच, वाचता आलं परवा."

लोक हसले, आणि सगळ्यांच्या माना मागे वळल्या. लिफ्टवाल्यांचे कान लाल झाले. नणंद भावाकडे बघत राहिली. आपला भाऊ कोणाला उत्तर देतो हेच तिला नवं होतं. लेकीने पुढे होऊन आईचा हात घट्ट धरला. तिला हे सगळं तिथेच, लोकांबरोबर कळत होतं.

घरी परतताना लिफ्टवाले दमले होते. जिन्यात दर वळणावर थांबत होते. "तू हो पुढे, दिवा लाव," ते म्हणाले. बाई वर गेल्या, आपल्या चावीने कुलूप उघडलं, दिवा लावला. दार त्यांच्यामागे आपसूक लागलं. टेबल रिकामं होतं. त्या पाणी प्यायला आत गेल्या.

बेल वाजली.

"चावी घेऊन जाता येत नाही का?" बाई सवयीने म्हणाल्या आणि पदराला हात पुसत दाराशी आल्या.

बाहेर लिफ्टवाले उभे होते, एका हाताने कठडा धरून. दुसऱ्या हातात घराची चावी होती, लाल दोऱ्याची.

"आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "या आत."